पाठीवरची दोन भोके

मित्रांनो, मी एक जुनी पायडलची मोटार आहे. लहान मुलांनी आत बसावे, पाय मारावेत आणि आपण मोठे झालो असे समजावे, एवढ्यासाठी माझा जन्म झाला. अंग पत्र्याचे, चाके रबरी आणि स्वभाव जरासा डावीकडे ओढणारा.

कोणत्या कारखान्यात घडले ते आठवत नाही. जाग आली ती जावा बेटावरच्या मागलांग गावात, पटांगणातल्या वडाखाली. संध्याकाळी सुम्बिंगचा डोंगर निळा होई, भाजक्या मक्याचा धूर तरंगू लागे आणि माझे मालक वागिमिन आम्हा मोटारींना ओळीत उभे करीत. मुले आम्हाला भाड्याने घेत आणि पटांगणाला फेरी मारीत.

तिथेच एके दिवशी रेत्नानिंग नावाची मुलगी धाकट्या भावाला, दनारला, कडेवर घेऊन आली. तापाने त्याचा एक पाय बारीक पडला होता. पायडल अर्ध्यावर जाऊन अडे. बाकीची पोरे ओरडली, "ए, गोगलगाय आली रे, वाट सोडा!" दनार रडला नाही. नुसता समोर बघत बसला.

दुसऱ्या दिवशी वागिमिननी माझ्या पाठीला दोन भोके पाडून एक लोखंडी दांडा बसवला. दुखले, खोटे कशाला सांगू? पण मग रेत्नानिंगने वाकून तो दांडा धरला आणि आम्ही निघालो.

"म्बाक, बघ कसा पळवतोय!" दनार ओरडला. थोरल्या बहिणीला तो म्बाक म्हणे.

"अरे हळू! मला गाठता येत नाही तुला!" ती मागून धापा टाकत म्हणाली.

किती संध्याकाळी आम्ही तिघे तसे उडालो! पारंब्या डोक्यावरून सरकत, दिवे पाण्यात विरघळल्यासारखे मागे जात. आपल्याला चाके आहेत हेच मी विसरून जाई.

मग मुले मोठी झाली. वागिमिन थकले. दांडा कुणीतरी काढून नेला, मी कोठीत पडले, आणि माझ्या बैठकीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. त्यांचीही ऊब बरी वाटे. पुढे जुन्या खेळण्यांचे व्यापारी को लियोंग मला सेमारांगच्या दुकानात घेऊन गेले. मला उलटी-पालटी करीत, चाके न्याहाळीत ते पुटपुटत, "जुनी आहेस खरी, पण कुठली गं तू?"

एका सकाळी ते माझी भोके बुजवायला लांबी कालवत होते. तेवढ्यात काठी टेकत एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ आले, सोबत त्यांची बहीण. नातीसाठी खेळणे हवे होते. मला बघताच ते थबकले.

"ही माझी मोटार!"

"येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो," को लियोंग हसले. "परवा तर दोघं हमरीतुमरीवर आले."

"डावीकडे ओढते ना?"

"जुन्या सगळ्याच ओढतात. या वयात मीही ओढतो."

बहीण माझ्या मागे आली, आणि दोन बोटे माझ्या पाठीच्या भोकांत शिरली. तो हात मी ओळखला.

"इबू, जपून, पत्रा लागेल. आता बुजवतोच मी ती," को लियोंग म्हणाले. तिकडे मोठ्या बाईला आदराने इबू म्हणतात.

"नका बुजवू!" ती एकदम बोलून गेली.

दनारने वळून पाहिले. "कसली गं भोकं?"

"असतील... धूर जायला."

"पायडलच्या गाडीला धूर?" दनार हळूच हसला. "म्बाक, चढ आला की मी पाय वर घेऊन बसायचो. तरी ही पळायचीच. कळत नव्हतं होय मला?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू इतकी खुशीत हरायचीस."

"लबाडा! माझी कंबर मोडत होती आणि तू पाय वर घेऊन बसायचास?" तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. दोघांचे डोळे वाहत होते. को लियोंगनी लांबीच्या डब्यावर झाकण लावले.

आता मी दनारच्या अंगणात असते. मित्रांनो, तुमच्याही घरी कुठे माझी एखादी बहीण पडली असेल. तिचा गंज खरवडा, सांध्यांना तेल द्या. पण तिचा पोचा काढण्याआधी, भोक बुजवण्याआधी, घरातल्या थोरांना हाक मारा आणि त्यांचे सांगून होईपर्यंत जवळ बसा.

बराच वेळ बोलले. निघायला हवे. दनारची नात, छोटी वेनिंग, आत येऊन बसली आहे, आणि मागून कोणी ढकलायचे यावरून दोघे म्हातारे भांडत आहेत.