पाहुण्याला कोणी विचारलंच नाही

गुरुवारची सकाळ होती. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत धाकटी सून चाकावर काच घासत बसली होती. चाकावर पाण्याची बारीक धार पडत होती, आणि दर दोन मिनिटांनी ती काच उजेडाकडे धरून तिची कड बघत होती. फक्त आज तिचा एक हात वारंवार पोटाकडे जात होता.

पुढे दुकानात थोरला दीर एका गिऱ्हाइकाशी बोलत होता.

"या चष्म्यातून आमची सून फारच मोठी दिसते हो," म्हातारी तक्रार करत होती.

"मग जरा लांबून बघत जा तिच्याकडे," तो म्हणाला. "तिलाही बरं वाटेल."

थोरली सून चहा घेऊन मागे आली. धाकटीच्या कपाळावरचा घाम बघून तिने कप खाली ठेवला.

"कधीपासून दुखतंय?"

"काल दुपारपासून. आधी बेंबीपाशी होतं, ताई. आता उजवीकडे सरकलंय. पाय सरळ केला की जीव जातो."

"मग चाकावर कशाला बसलीस?"

"ते म्हणाले ना, बस म्हणून," धाकटी म्हणाली आणि हसायला गेली, पण हसणंही तिला दुखलं.

"ते" म्हणजे तिचा नवरा. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

आज चाळिशीच्या आत असलेल्या वाचकांना हे वेड्याचं बोलणं वाटेल, म्हणून थोडं मागे जाऊन सांगते. मी त्यांच्या समोरच्याच घरात राहत होते. जे माझ्या डोळ्यांदेखत घडलं नाही, ते थोरलीने पुढे मला बसवून सांगितलं.

पाहुणे आकाशातून आले तेव्हा मी लग्नाची होते. सगळ्या जगाने श्वास रोखून धरला होता. शास्त्रज्ञांना वाटलं, आता नवी विद्या मिळेल. सैन्याला वाटलं, आता युद्ध होईल. दोन्ही झालं नाही. पाहुण्यांनी काही दिलं नाही आणि काही मागितलंही नाही. दाराएवढे उंच, ओल्या पाटीच्या रंगाचे, खांदे नसलेले ते जीव आमच्या रस्त्यांवर हिंडत आणि दुकानांच्या उंबऱ्यात उभे राहत. माणसं बोलत, ते ऐकत. घरात मात्र ते कधी आले नाहीत. महिन्याभरात त्यांचं कौतुक संपलं. लोक त्यांच्या अंगाला छत्र्या टेकवून ठेवू लागले.

मग एके दिवशी मुलगा गेलेली एक बाई पाहुण्यापुढे बसून रडली आणि पाहुणा तिच्या मुलाच्या आवाजात बोलला.

झालं! आता कोणी मरत नाही, असं वर्तमानपत्रांनी मोठ्या अक्षरांत छापलं. पाहुण्यांना दमट हवा लागते म्हणून गल्लीगल्लीतल्या बंद पडलेल्या तरणतलावांत त्यांच्यातल्या काहींना बसवलं आणि त्या जागांना आवाजघर म्हणू लागले. वर्षभर लोक नुसते रडायला जात होते. त्यानंतर कोणा शहाण्याच्या डोक्यात आलं की, नवरा जर अजून बोलतो, तर घरातला शब्दही अजून त्याचाच. म्हणजे त्याची बायको विधवा नाही, मोकळी तर नाहीच नाही. तिने दर आठवड्याला जावं, विचारावं, आणि तो सांगेल तसं वागावं. त्याला विचारणा म्हणू लागले. मेलेल्या बायकोला विचारायला मात्र एकही नवरा कधी गेला नाही.

विचारणेचे किस्सेही होते. एका बस कंडक्टरची बायको काहीही विचारो, आतून "पुढे सरका, पुढे सरका" एवढंच येई. बिचारीने तीन घरं बदलली. आम्ही पोट धरून हसायचो. हसता हसता आपापला नंबर आला की पदर सावरून आत जायचो.

आमच्या गल्लीचा वार गुरुवार.

दुपारी फ्रेम पोचवायचं निमित्त काढून थोरलीने धाकटीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोटावर उजवीकडे बोटं दाबली आणि एकदम सोडली. धाकटी किंचाळली.

"अपेंडिक्स आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजच काढायला हवं. उद्या सकाळपर्यंत फार तर. कागद आणलाय?"

"कसला कागद?"

"तुम्हाला ठाऊक आहे कसला. नवऱ्याची परवानगी, आवाजघराच्या शिक्क्याची. चौकातल्या दवाखान्याचं काय झालं ते बघितलंत ना? कागदाशिवाय कापलं म्हणून लोकांनी एक काच शाबूत ठेवली नाही." त्या हात धुवायला वळल्या. "कागद आणा. मी हत्यारं उकळून ठेवते."

घरी सासूबाई खिडकीपाशी तांदूळ निवडत होत्या. निवडत होत्या म्हणायचं, त्यांना खडा दिसत नव्हताच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. चष्म्याचं दुकान असलेल्या घरातली ती बाई बोटांनी भिंत चाचपत स्वयंपाकघरात जायची. नऊ वर्षांपूर्वी त्यांनीही आवाजघरात विचारलं होतं. सासऱ्यांचा आवाज म्हणाला होता, "आता काय बघायचं राहिलंय?" सासूबाईंनी तो विषय तिथेच मिटवला.

"आज गुरुवारच आहे," त्या म्हणाल्या. "विचारून ये. तो हो म्हणाला तर माझं काही म्हणणं नाही. मी काय, वैरीण आहे का तुझी?"

दोघी आवाजघरात गेल्या. तलाव गुडघाभर भरलेला होता. मधोमध पाहुणा उभा होता आणि काठावर दोन स्टुलं होती. दारात कारकून शिक्का घेऊन बसला होता. त्याच्या डोक्यावर पाटी होती: पाहुण्यांशी थेट बोलू नये. फक्त आपल्या माणसाशी बोलावे.

धाकटी स्टुलावर वाकून बसली.

"अहो, पोटात फार दुखतंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, कापावं लागेल. कापू दे का?"

पाण्यावर बारीक थरथर उठली आणि तो आवाज आला. तसाच, थोडा नाकातला, घाईचा.

"काही झालेलं नाही तुला. कामाच्या वेळी तुझं दुखणं बरं निघतं!"

धाकटीला हे वाक्य पाठ होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्याने ते दुकानात म्हटलं होतं. त्या दिवशी तिचं डोकं ठणकत होतं, एका वकिलाची महागडी काच चाकावर तडकली होती, गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं आणि पाहुणा उंबऱ्यात. संध्याकाळी घरी त्याने स्वतः तिला चहा करून दिला होता. कपाळाला बाम लावला होता. "माझ्या बोलण्याकडे लक्ष देत जाऊ नकोस ग," असंही म्हणाला होता. पण पाहुणा घरात येत नसे. ते वाक्य त्याच्याकडे नव्हतं.

तिने तीनदा विचारलं. तीनदा तेच.

चौथ्यांदा ती थांबली. पोट धरून उठली, काठापर्यंत गेली आणि आमच्यापैकी एकीनेही इतक्या वर्षांत केलं नव्हतं ते तिने केलं. तिने पाहुण्याकडे बघितलं.

"बोलतंय कोण? ते, की तुम्ही?"

"अगं!" थोरलीने तिचा पदर ओढला.

या वेळी पाणी थरथरलं नाही. मग एक निराळाच आवाज आला, ओल्या कापडावरून हात फिरवल्यासारखा.

"आम्ही. तो इथे नाही."

"मग उत्तर कोण देतं?"

"उत्तर नाही. तू शब्द आणतेस. त्या शब्दांच्या जवळचं त्याचं जे बोलणं आम्ही कधी ऐकलं, ते परत देतो. तुम्ही सगळ्या रडता. आम्हाला वाटलं, तुम्ही रडायला येता."

"मग मी पोट कापू देऊ का?"

"हे तू आम्हाला का विचारतेस?"

धाकटी मागे वळली. तिचा चेहरा पांढराफटक होता, पण डोळे, थोरली सांगायची, लग्नात होते तसे.

"ताई, ऐकलंत? ते नाहीतच तिथे. चला, आपण जाऊ."

दारात कारकुनाने मान वर केली नाही. कागदावर त्याने नकाराचा शिक्का मारला.

"तुम्ही ऐकलंत ना आत्ता?" थोरलीने विचारलं.

"मी माणसाचा आवाज ऐकतो. बाकी ऐकायचा मला हुकूम नाही. आणि थेट बोललात हेही मी ऐकलं नाही असं समजतो. उपकार माना."

नकाराचा शिक्का बघून डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. "नुसता कागद नसता तर एक वेळ काही करता आलं असतं," त्या म्हणाल्या. "आता नाही." त्यांनी वेदनेच्या चार गोळ्या पुडीत बांधून दिल्या.

घरी थोरलीने सगळं सांगितलं. तिचा नवरा टेबलावर थाप मारून उठला.

"माझा भाऊ तिथे नाही? दोन वर्षं मी ऐकतोय त्याला!"

"अहो, पण तो पाहुणा स्वतः म्हणाला..."

"दोघी बायका एक झाल्या की काय वाटेल ते ऐकू येतं. उद्या मी जाईन. पंचांसमोर विचारीन."

"तिला उद्यापर्यंत वेळ नाही हो!"

सासूबाई भिंत धरत धाकटीच्या खाटेपाशी आल्या आणि अंदाजाने तिच्या तोंडावर हात मारला. तो गालाऐवजी कानावर बसला.

"नवरा तिथे नाही म्हणे. मग मी नऊ वर्षं कोणाचं ऐकून आंधळी बसले?"



शुक्रवारी सकाळी थोरला दीर दोन पंचांना घेऊन आवाजघरात गेला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "हिच्या दुखण्याचं काय करू रे मी?" आणि तेच वाक्य आलं. धाकट्या भावाचा आवाज ऐकून त्याला रडू कोसळलं. मनसोक्त रडल्यामुळे त्याला वाटलं, आपण बरोबर वागलो. परत येताना त्याने धाकटीसाठी मोसंबी आणली.

दुपारी धाकटीची पोटदुखी अचानक थांबली. ती उठून बसली. पाणी मागून प्यायली.

"बघ!" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आनंदाने कापत होता. "थांबलं की नाही? माझा लेक खोटं सांगेल होय?"

थोरली पळत दवाखान्यात गेली. दुखणं थांबलं म्हटल्यावर डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या. "फुटलं," एवढंच म्हणाल्या.

शनिवारी ताप चढला. पोट लाकडासारखं झालं. रविवारी ती बरळू लागली. बरळण्यातही परवानगीच मागत होती: खिडकी उघडू का, कूस बदलू का, पाणी घेऊ का. थोरली प्रत्येक वेळी "हो ग, हो" म्हणत राहिली. सोमवारी दुपारी तिने विचारायचं थांबवलं. तिचं वय एकोणतीस होतं.

माणसं भेटायला येऊन गेली. बुधवारी घर रिकामं झाल्यावर सासूबाईंनी थोरलीला जवळ बोलावलं.

"खरं सांग. तो पाहुणा खरंच तसं बोलला, की तिथे कोणी नाही म्हणून?"

"खरंच बोलला, आई."

सासूबाईंनी मांडीवरचा पदर चाचपून सारखा केला.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता हे माझ्यासमोर पुन्हा बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. थोरली नेहमीसारखी सासूबाईंचा हात धरून निघाली. आवाजघराच्या कोपऱ्यावर ती थांबली.

"डावीकडे डोळ्यांचा दवाखाना आहे, आई. तिथे नेते. उजवीकडे मी नेणार नाही."

"हात धर म्हणते ना!"

"दवाखान्यात न्यायला धरते."

सासूबाईंनी हात झटकला आणि भिंत चाचपत त्या एकट्या उजवीकडे गेल्या. रांगेतल्या बायकांनी त्यांना वाट करून दिली. थोरली त्यांच्यामागून आली, पण रांगेत उभी राहिली नाही. रांगेसमोर उभी राहिली.

"माझी जाऊ पोटदुखीने गेली नाही," ती मोठ्याने म्हणाली. "तिला आम्ही मारलं. मी, माझ्या नवऱ्याने, माझ्या सासूने, आणि त्या दारातल्या शिक्क्याने. आत कोणी नाही. पाहुण्याने स्वतः सांगितलंय. आत जाऊन एकदा त्यालाच विचारा!"

कोणी कानांवर हात ठेवले. कोणी म्हणालं, दुःखाने डोकं फिरलंय. एकीने चप्पल फेकली. ती थोरलीच्या खांद्याला लागली, आणि थोरलीने ती उचलून परत दिली.

ती त्यानंतर दर गुरुवारी तिथे उभी राहिली. नवऱ्याने घराबाहेर काढलं तरी उभी राहिली. अकरा वर्षं. रांग कशी कमी होत गेली, शिक्का कायद्याने कसा बंद झाला, हे आता शाळेच्या पुस्तकांत आहे. पाहुणे जसे आले तसे एक दिवस निघून गेले. पुस्तकांत थोरलीचं चित्र आहे. त्या रांगेचं नाही.

त्या पहिल्या गुरुवारी रांगेत चौथी मी होते. नवरा जाऊन मला आठ महिने झाले होते. थोरलीचं सगळं बोलणं मी ऐकलं, आणि माझा नंबर आल्यावर आत गेले. मला विचारायचं होतं, मुलीला पुढे शिकवू का? आतून नवऱ्याचा आवाज आला, "काही गरज नाही त्याची." ते तो कधी म्हणाला होता तेही मला आठवत होतं. वाणी पुड्याला दुसरी पिशवी गुंडाळत होता, तेव्हा. तरी मी पाहुण्याकडे बघितलं नाही. बाहेर येऊन शिक्का घेतला आणि घरी जाऊन मुलीला उत्तर सांगितलं.

ती आता पन्नाशीला आली. माझं सगळं तीच करते. भांडत नाही, टाकून बोलत नाही. फक्त माझे केस विंचरताना कधीतरी हात थांबवून विचारते, "आई, तेव्हा नाही कोण म्हणालं होतं?"