गोठलेले विरजण

करागंडा शहरात हिवाळा लागला की बाल्कनीच घराचा फ्रिज होते. घोड्याचे मांस, गोठवलेले दूध, ऐरान नावाच्या ताकाचे विरजण, सारे तिथेच. सासऱ्यांनी माशांच्या टाकीसाठी टपालाने मागवलेली जिवाणूंची बाटली आली, तिच्यावर थंड जागी ठेवा असे लिहिलेले होते, म्हणून कामशातने तीही तिथेच ठेवली. विरजण दरवर्षी दगडासारखे गोठते आणि कोमट दुधात टाकले की पुन्हा जिवंत होते. बाटलीतले जिवाणू तरी वेगळे काय असणार?

बाटली गोठून फुगली तेव्हा मात्र ती दचकली. तिने ती कोमट पाण्यात वितळवून गुपचूप सासऱ्यांच्या टेबलावर ठेवली आणि त्यांनी ती खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत ओतली.

सासरे, ओरिनबासर गुरुजी, जन्मभर मुलांना नकाशावर समुद्र दाखवत आले होते. स्वतः एकही पाहिला नव्हता. आता टाकीत नारिंगी माशांची जोडी यायची होती. माशांच्या घाणीचे पाण्यात विष होते आणि ते खाणारे जिवाणू आधी रुजावे लागतात. म्हणून गुरुजी रिकाम्या टाकीत अमोनियाचे थेंब टाकत आणि मग काचेच्या नळीत थोडे पाणी घेऊन, त्यात तपासणीचे औषध घालून पाहत. नळी पिवळी झाली तर विष संपले, हिरवी झाली तर अजून आहे. पण गुरुजींना हे दोन रंग वेगळे दिसत नसत. ते नळी सुनेपुढे धरत.

“रंग कोणता, पोरी?”

बरेच दिवस ती हिरवाच सांगत राहिली. त्यांचा चेहरा रोज थोडा उतरायचा. एकदा नळी हिरवीगार असताना तिच्या तोंडून निघून गेले, “पिवळा, अताय.” त्याच दुपारी त्यांनी अल्माटीहून मासे मागवले.

खाणीवर गेलेल्या नवऱ्याला तिने फोनवर सगळे सांगितले. तो म्हणाला, मासेच आहेत गं, घोडे नाहीत. तिला हसू आले नाही. टाकीतले पाणी इतके नितळ होते की त्याच्याकडे बघवेना. सासऱ्यांच्या रागाची तिला भीती नव्हती, ते कधी रागावतच नसत. सासूबाई गेल्या तेव्हा ते बोलायचेच थांबले होते. टाकी आली तेव्हा कुठे पुन्हा बोलू लागले होते.

मासे गाडीत चढल्याचा फोन आला तेव्हा ती चहा ओतत होती. सुनेने वाटी अर्धीच भरायची. काठोकाठ भरली तर त्याचा अर्थ, आता उठा. गुरुजींनी भरून वाहणाऱ्या वाटीकडे पाहिले.

“हाकलतेस का गं मला?”

“अताय, नळी हिरवी होती. मी खोटं बोलले. बाटली बाल्कनीत गोठली, मीच ठेवली होती.”

गुरुजींनी वाटी खाली ठेवली. उठले आणि दाराशी जाऊन बूट चढवू लागले. तिला वाटले, आता हे घरातून निघून जाणार, आणि परत आले तरी बोलणार नाहीत.

“दुधाची किटली घे,” दारातून आवाज आला. “आणि तुझी मोठी शाल.”

दातांच्या डॉक्टर इर्मा गेन्रिखोवनांच्या दवाखान्यात जुनी खाऱ्या पाण्याची टाकी होती. बाही वर करून त्यांनी त्यातले जिवाणू रुजलेले दोन दगड किटलीत सोडले, वर टाकीतलेच पाणी ओतले.

“भूगोलाचे मास्तर तुम्ही, आणि समुद्र टपालाने मागवता? विरजण शेजाऱ्याकडे मागायचं असतं,” त्या म्हणाल्या. “न्या, सारकित समजा.” मेजवानीहून घरी बांधून न्यायच्या घासालाच सारकित म्हणतात. गुरुजी लाजले.

बस येईना. कामशातने शालीत गुंडाळलेली किटली कोटाच्या आत पोटाशी धरली होती. पापण्यांवर बर्फ धरत होता. पाणी पोटाशी डुचमळत होते आणि ती फक्त तेवढेच ऐकत होती. ते डुचमळायचे थांबले तर? तिने कोट आणखी आवळला.

घरी येऊन दोघांनी टाकीतले बहुतेक पाणी बदलले, दगड आत ठेवले. सकाळी मासे आले. पिशवीतून सुटताच दोन्ही दगडांमागे लपले. संध्याकाळी गुरुजींनी पुन्हा नळी भरली, औषध घातले, हलवली आणि सुनेपुढे धरली.

“रंग कोणता, पोरी?”

दगडामागून एक मासा अर्धा बाहेर आला होता. त्याचे कल्ले भराभर हलत होते.

“हिरवा, अताय. फिका आहे, पण हिरवाच.”

गुरुजींनी मान हलवली आणि पाणी बदलायला बादली पुढे ओढली.