आस्थेची तालीम

ऑफिसात सगळे तिला चिमणी म्हणत. आवाज बारीक, अंगकाठी त्याहून बारीक, आणि भीती मात्र दोन माणसांना पुरून उरेल एवढी. काम म्हटलं तर सोपं होतं. कपडे धुण्याची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीच्या इंग्रजी बोलणाऱ्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, तक्रार नोंदवायची आणि मेकॅनिक कधी येईल ते सांगायचं. पण एवढ्यावर भागत नव्हतं. गिऱ्हाईक जे काही बोलेल त्यात आपल्याला फार म्हणजे फारच रस आहे, असं त्याला वाटलं पाहिजे, अशी वरून सक्त ताकीद होती. हा रस दाखवायचा कसा, हे शिकवायला एक सर नेमले होते. पाठीमागे त्यांना सगळे 'मधाचं बोट' म्हणत.

"नुसतं 'इंटरेस्टिंग' म्हणालात, तर समोरच्याला वाटतं तुम्ही जांभई देताय," सर सांगत. "आधी 'रिअली' लावा. 'लव्हली' म्हणायचं तर 'अब्सोल्यूटली लव्हली' म्हणा. 'फॅसिनेटिंग'ला 'व्हेरी' शोभत नाही, तिथेही 'अब्सोल्यूटली'च हवं. आणि इंटरेस्ट 'बिग' नसतो बरं का! तो 'कीन' असतो, नाहीतर 'जेन्युइन' असतो."

मुली ओठांतल्या ओठांत घोकत. चिमणी घरीही घोकायची. एकदा आई गुडघा धरून विव्हळत बसली होती, तर हिच्या तोंडून "हाऊ अब्सोल्यूटली फॅसिनेटिंग" निघून गेलं. आईला इंग्रजी कळत नाही म्हणून निभावलं, पण वहिनीची हसून हसून मुरकुंडी वळली.

हसण्यासारखं होतं ते एवढंच. दादाचा कारखाना बंद पडल्यापासून घर चिमणीच्या पगारावर चाललं होतं आणि तिची नोकरी अजून कच्चीच होती. आधीच्या दोन्ही परीक्षांत ती नापास झाली होती. शेरा दोन्ही वेळी एकच, आवाजात ओलावा नाही. आज शेवटची संधी. दिवसभरातला कुठला तरी एक फोन सर ऐकणार, कुठला ते सांगणार नाहीत, आणि संध्याकाळी सोक्षमोक्ष. पक्की, नाहीतर घरी. सकाळी डबा हातात देताना आईने तिच्याकडे नुसतं पाहिलं होतं, आणि तिला ते पाहणंच सोसवलं नव्हतं.

म्हणून सकाळपासून चिमणी प्रत्येक फोनमध्ये जीव ओतत होती. घशाला कोरड पडलेली, पण आवाजात पाक. कोण काय बोलतंय याकडे लक्ष द्यायला सवड कुठली? आपण काय बोलतोय यावरच सगळं लक्ष.

जेवणाच्या सुट्टीनंतर एका म्हातारीचा फोन आला. यंत्राच्या दारातून पाणी गळतंय, म्हणाली. चिमणी पडद्यावर तिचा पत्ता आणि यंत्राची माहिती शोधू लागली. हात त्या कामात, डोळे पडद्यावर, आणि तोंड आपलं आपण चाललेलं. म्हातारी म्हणाली, चादरी धुवायला टाकल्या होत्या. "हाऊ लव्हली!" नवऱ्याला स्वच्छ चादर फार आवडते. "रिअली? हाऊ चार्मिंग!" आता ते अगदी शांत आहेत, चहासुद्धा मागितला नाही, खुर्चीत मान खाली टाकून बसलेत.

"ओह, हाऊ अब्सोल्यूटली लव्हली!"

बोलून गेल्यावर चिमणीला स्वतःचे शब्द ऐकू आले, आणि त्यांच्या आधीचे म्हातारीचेही. खरं सांगायचं तर पहिला विचार म्हातारीचा नव्हताच. हाच फोन सर ऐकत असतील तर, हा होता. दुसरा विचार त्याच्या मागोमाग आला आणि त्याने पहिल्याला पार झोपवलं.

ती शब्द शोधू लागली. इतके महिने घोकलेल्यातला एकही कामाचा नव्हता. शेवटी तिने साधं, उघडंबोडकं विचारलं, "ते श्वास घेतायत का?"

"नाही गं बाळ," म्हातारी म्हणाली. "आता नाही घेत."

"हात लावून बघा. अंग गरम आहे?"

"गार पडलंय. मी कोरडी चादर घातलीय त्यांच्या अंगावर." मग ती म्हणाली, "सकाळी घेत होते. छातीत घरघर होती. तेव्हाही मी तुमच्याकडेच फोन केला होता."

"आमच्याकडे? का?"

"घाबरले होते गं. एक नंबर आठवेल तर शपथ! यंत्रावर चिकटवलेला तेवढा दिसला. पण काय गोड मुलगी होती! सगळं ऐकून घेतलं तिने. मी म्हटलं, हे उठतच नाहीत, हलवलं तरी उठत नाहीत, घोरणंही काही वेगळंच वाटतंय. तर म्हणाली, किती छान! इतक्या आस्थेने म्हणाली, की मला वाटलं, मग ठीकच असेल. मी आपली चादरी धुवायला घेतल्या."

सकाळी कितीतरी म्हाताऱ्या बोलून गेल्या होत्या. कोणाची काय तक्रार होती, ते पडद्यावर होतं. कोण काय बोललं, ते कुठेच नव्हतं. असेल दुसरी कोणी, तिने स्वतःला बजावलं. एवढ्या मुली बसतात इथे, सगळ्याच गोड बोलतात. असेलच दुसरी कोणी.

फोन चालू असताना जागेवरून उठायचं नाही, असा नियम होता. ती उठली. दोन्ही हात वर करून तिने सरांना बोलावलं. सर कपाळाला आठ्या घालून आले, तिने पडद्यावरच्या पत्त्यावर बोट ठेवलं आणि काय झालंय ते कुजबुजत सांगितलं. सरांनी एकही प्रश्न विचारला नाही. बाजूला होऊन त्यांनी त्या शहरातल्या रुग्णवाहिकेचा नंबर शोधला आणि स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला.

"माणसं येतायत," चिमणीने म्हातारीला सांगितलं. "दार उघडून ठेवा."

"उघडलं. तू फोन ठेवू नकोस हं."

"नाही ठेवत."

चिमणी कानावरचं यंत्र दोन्ही हातांनी घट्ट दाबून म्हातारीचा श्वास ऐकत राहिली. मध्येच तो थांबल्यासारखा वाटे आणि चिमणीचाही थांबे. अखेर तिकडे पावलं वाजली, पुरुषांचे आवाज आले, आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी सरांनी तिला खोलीत बोलावलं. दार लावलं. बस म्हणाले नाहीत, बहुधा विसरले.

"सर, मी चुकले," चिमणीच बोलली. "नियम मोडला, बोलले तेही भलतंच बोलले. मी उद्यापासून येत नाही."

"परीक्षेचा फोन तो नव्हता," सर म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सकाळचा होता. मार्क मी जेवणाआधीच भरले."

त्यांनी समोरच्या संगणकावर बटण दाबलं. म्हातारीचा आवाज आला. मघाचीच म्हातारी, पण हा आवाज धाप लागल्यासारखा, कापरा. ती सांगत होती की हे उठत नाहीत. तिच्या आवाजामागे खोलीत कोणीतरी दुसरंच होतं, ओढून ओढून घरघरत होतं. आणि या दोन्हींवर पसरलेला एक बारीक, गोड, ओलाव्याने निथळणारा आवाज. "ओह, हाऊ अब्सोल्यूटली लव्हली! ही मस्ट बी हॅविंग अ वंडरफुल रेस्ट!"

"पैकीच्या पैकी दिले," सर म्हणाले. "मी. पुन्हा ऐकून दिले." ते तिच्याकडे पाहत नव्हते. "तू पक्की झालीस."

संगणक बंद करायचं दोघांपैकी कोणालाच सुचलं नाही. पलीकडून म्हातारी बोलतच होती. "तुझ्याशी बोलले ते बरं झालं बाळ," ती म्हणत होती. "आता मला भीती नाही वाटत."