आत्याचा शेरा

खेळ-सल्ला केंद्रात आत्याचं काम मोजमापाचं. मुलाला भिंतीला टेकवून उंची घ्यायची, हात पसरायला लावून टेप धरायची, बोटांना खडू फासून उडी मारायला सांगायची. मग आईबापांसमोर तक्ता ठेवायचा. कुठल्या खेळात क्रमवारीतला शंभरावा खेळाडू किती कमावतो, पाचशेवा किती, शिकायला खर्च किती, अंग किती वर्षं साथ देतं. टेनिस पहिल्याच पानावर होतं. व्हॉलीबॉल शोधायला पान उलटावं लागे. आत्या स्वतः बारा वर्षं व्हॉलीबॉल खेळली होती.

एका शनिवारी सकाळी तिचा थोरला भाऊ लेकीला घेऊन आला. तो खिडक्यांना काचा बसवायचा. हातावर चिरांच्या जुन्या खुणा. मुलगी अकरा वर्षांची, पण बापाच्या खांद्याला लागलेली. घरात तिला सगळे शिडी म्हणत.

शिडीने उडी मारली आणि खडूची खूण अशा जागी उमटली, की आत्याने पुन्हा मारायला लावली. दुसरी खूण पहिलीच्याही वर गेली.

"शाळेच्या व्हॉलीबॉल टीममध्ये आहे ना मी," शिडी म्हणाली. "आत्या, तू तेच लिही."

भाऊ तक्त्यावरून बोट फिरवत होता. "टेनिस लिही. अकादमीत तुझ्या शेऱ्याशिवाय घेत नाहीत."

"दादा, अरे तिचा जीव कशात आहे ते तरी बघ."

"तुझाही होता की! काय मिळालं? कप ठेवायला फळी मी ठोकून दिली, आणि गुडघ्याचं ऑपरेशन आलं तेव्हा पैसेही मीच भरले. तूच रडत म्हणाली होतीस, 'दादा, तुझ्या पोरीला या खेळाच्या वाऱ्यालाही उभी करू नकोस.' म्हणालीस का नाही?"

म्हणाली होती. एकदा नव्हे, दर वेळी गुडघा सुजला की म्हणाली होती. स्वतःचंच बोलणं असं अंगाशी येईल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"अरे, पण तक्त्यातले शंभर म्हणजे हजारोंतले शंभर. बाकीच्यांचं काय होतं ते इथे लिहिलेलंच नाही."

"बाकीच्यांची उडी एवढी आहे का?"

उडी आत्यानेच मोजली होती.

शिडी एकदा बापाकडे, एकदा आत्याकडे बघत होती. आत्याने पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. आपल्यासारखीच गत हिची झाली तर भावाला तोंड कसं दाखवायचं, हा एकच विचार डोक्यात होता. तिने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'टेनिस', आणि खाली सही केली.

शिडी रडली नाही. हातावरचा खडू फ्रॉकला पुसत तिने विचारलं, "किती वर्षं?"

भावाने कागदाची घडी करून खिशात ठेवली.

पुढचे आठ महिने आत्याने भावाच्या घरी जायचं टाळलं. काही ना काही निमित्त काढायची. मग एके दिवशी भावाचाच फोन आला, "अगं, सेमी फायनल आहे पोरीची! ये की!"

ती गेली. शिडी कोर्टाबाहेर जाळीला टेकून बुटाची नाडी आवळत होती. उजव्या तळहाताला पट्टी.

"कसं चाललंय गं?"

"आत्या, कुणाला सांगू नकोस हं." शिडी नाडीवरच नजर ठेवून बोलत होती. "मी मुद्दाम हरायचं ठरवलं होतं. हरले की बाबा कंटाळतील, सोडतील, असं वाटलं. पण बॉल आला की हात आपोआप जातो गं. थांबवायचं म्हटलं तरी थांबत नाही. आणि जिंकले की बाबा सरावाची आणखी एक सकाळ वाढवतात."

"पहाटेही जातेस?"

"पाच दिवस. शाळेच्या टीममध्ये माझ्या जागी दुसरी आली. मी खिडकीतून बघते त्यांना."

आत्या तडक भावाकडे गेली. तो पायरीवर बसून कुणाला तरी फोनवर स्कोअर सांगत होता. त्याने फोन ठेवेपर्यंतही तिला धीर निघेना.

"दादा, माझं चुकलं. तो शेरा मी मागे घेते. लिहून देते अकादमीला."

भाऊ मनापासून हसला. "वेडी का खुळी तू? एकही मॅच हरली नाही पोर! तुझा शेरा शंभर नंबरी निघाला." त्याने सरकून तिला जागा करून दिली. "बस. एवढं आयुष्यात कुणी केलं नाही आमच्यासाठी."

त्याचे डोळे भरून आले होते. एवढा आनंदलेला तिने त्याला कधीच पाहिला नव्हता. ती बसली.

समोर शिडीने पहिला बॉल उंच फेकून रॅकेटने मारला. बॉल पलीकडे असा पडला, की समोरच्या मुलीने रॅकेटही हलवली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिडी खाली मान घालून दुसऱ्या बाजूला चालत गेली.