पूजेला बसलेला बोल्ट

गाडीचं ऑइल आपलं आपण घरी बदलावं, हे खूळ विजयसिंहाच्या डोक्यात मोबाइलनं भरवलं. त्या व्हिडिओतला मिस्त्री पांढरा शर्ट घालून गाडीखाली शिरायचा आणि तसाच पांढरा बाहेर यायचा. विजयसिंहानं तो इतक्या वेळा बघितला की बायकोला, अनुजाला, त्यातली हिंदी पाठ झाली. आता हा माणूस कोण, तर पतसंस्थेत बसून पासबुकं भरणारा! याला घरातला बल्ब बदलायचा झाला तर स्टूल धरायला एक आणि धीर द्यायला एक अशी दोन माणसं लागायची. पण वडील, गणपतराव, साखर कारखान्याच्या वर्कशॉपला होते आणि त्यांच्या मागं त्यांची हत्यारांची पेटी घरात राहिली होती. तेवढ्या जोरावर विजयसिंह छाती काढून सांगायचा, "रक्तातच हाय आमच्या."

बरं, बदल बाबा. पण दिवस कुठला धरलास? खंडेनवमी!

खंडेनवमीला कोल्हापुरात काय असतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. घरातली, शेतातली, कारखान्यातली झाडून सगळी हत्यारं धुऊनपुसून पूजेला बसतात, आणि एकदा बसली की दसऱ्याच्या सकाळी उठवेपर्यंत त्यांना कुणी बोट लावत नाही. विजयसिंहाला मात्र त्या दिवसाची सुट्टी तेवढी दिसली.

त्यात त्याच दिवशी दुपारी अनुजाला जयसिंगपूरला न्यायचं होतं. तिथं बायकांच्या मालाचं प्रदर्शन भरणार होतं आणि अनुजाला पहिल्यांदाच टेबल मिळालं होतं. कांदा-लसूण चटणीचं. भर उन्हात मिरच्या वाळवून, कांडायला डंकावर रांगा लावून, शिंकून शिंकून नाक सोलवटून घेतलेली ती चटणी बरण्यांत भरून आतल्या खोलीत उभी होती. चारच्या आत टेबल मांडलं नाही तर ते दुसरीला देणार, असं आयोजक बाईंनी बजावलं होतं. सासू अंबूबाई या सगळ्याला "चटणीचा खेळ" म्हणायची. येता-जाता म्हणायची, "झाला का गं तुजा खेळ? मग भाकरी टाक." अनुजा काही बोलायची नाही. पण एवढं एक टेबल नीट लागलं की आपलं तोंड आपोआप उघडेल, हे तिनं मनात धरलं होतं आणि नवऱ्याला सांगितलंही होतं. म्हणूनच विजयसिंहाला वाटलं, एवढ्या मोठ्या कामाला निघायचं आणि गाडीत काळं ऑइल? शोभतं का?

सकाळी चहा पिऊन गडी गाडीखाली शिरला. चाकांखाली विटा, अंगाखाली पोतं, हातात गणपतरावांचा पाना. ऑइल सोडायचा खालचा बोल्ट काही केल्या हलेना. दात-ओठ खाऊन जोर लावला तसा बोल्ट एकदम सुटला आणि त्यामागोमाग ऊन ऊन काळं ऑइल बाहीतून थेट काखेत गेलं. "आयोऽऽ!" अशी जी बोंब ठोकली, ती ऐकून शेजारचे बाळासो कुंपणावरून डोकावले.

"काय ओ इजयराव, डायनासोर मारला का काय?"

"ऑइल बदलालोय, काका. साधं काम हाय."

"व्हय की. दिसतंयच."

बोल्ट ऑइलनं भरलेल्या घमेल्यात बुडाला होता. तो चाचपून काढला, पुसला, पान्याशेजारी वर्तमानपत्रावर ठेवला. फिल्टर बदलताना सगळा जन्म आठवला, पण तोही बसला. आता बोल्ट लावायचा आणि नवं ऑइल ओतायचं, एवढंच राहिलं होतं. पण हात इतके बरबटले होते की विजयसिंह आधी मोरीत गेला. कपड्याची पावडर, मग राख, मग पुन्हा पावडर. काख तर घासून घासून लालबुंद झाली.

बाहेर येऊन बघतो तर पाना नाही, बोल्ट नाही, पेटीसुद्धा नाही! तो तसाच घरात शिरला.

देवघरात अंबूबाईनं पाट मांडला होता. पाटावर कोयता, खुरपं, अडकित्ता, गणपतरावांची सगळी हत्यारं ओळीनं, आणि मधोमध, हळदी-कुंकू लावून, वर झेंडूचं फूल खोवून, गाडीचा बोल्ट बसला होता.

"आई! ह्यो बोल्ट कशाला घेतलास?"

"मग काय अंगणात लोळत पडू दे? नवमी हाय आज. चांगला धुतलो, पुसलो, पूजलो."

"अगं, त्यो गाडीचा हाय! त्यो न्हाई तर गाडीत ऑइल ऱ्हात न्हाई. ऑइल न्हाई तर इंजिन जाम हुतंय."

"उद्या सकाळी उठवतो. मग लाव जा."

"आई, बोल्ट म्हंजे काय हत्यार न्हवं. गाडीचा भाग हाय त्यो."

"गाडीबी पूजायचीच हाय की! मग तिचा भाग आदी पूजला तर बिगडलं कुठं?" अंबूबाईनं समईची वात सारखी केली. "तुज्या बानं उभ्या जन्मात नवमीला बसवल्यालं हत्यार उचललं न्हाई. तू हात लावून तर बघ."

यापुढं बोलायची कुणाची टाप होती? अनुजा आतल्या खोलीत बरण्यांवर चिठ्ठ्या डकवत गुणगुणत होती. तिला हे सांगायच्या ऐवजी विजयसिंह दबक्या पावलांनी बाहेर सटकला. त्यानं बाळासोंना गाठलं. बाळासोंकडं पाने होते, पण तेही पूजेला बसलेले. टेम्पोवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "पावणं, गाडी धुऊन हार घातलाय. आज भाडं न्हाई." मग बाळासोंच्या मागं स्कूटरवर बसून विजयसिंह उद्यमनगरात गेला. ज्या उद्यमनगरात सुईपासून ट्रॅक्टरपर्यंत काय म्हणाल ते घडवून देतात, तिथं आज एक पाना हलत नव्हता. लेथ मशिनांना झेंडूच्या माळा, यंत्रांपुढं नारळ, आणि मिस्त्री नवी कापडं घालून खुर्च्यांवर. बोल्ट मागितला की हातावर पेढा ठेवायचे. "उद्या या की, पावणं. परसाद घ्या." तीन ठिकाणी तीन पेढे खाऊन दोघं मोकळ्या हातानं परत आले.

"साबण कोंबू या काय भोकात?" बाळासोंनी अक्कल लढवली. "आमच्या मोटरसायकलची टाकी गळायची तवा कोंबलता."

"आणि हातकणंगल्यापत्तुर फेस आला म्हंजे?"

"मग ऱ्हायलं," असं म्हणत बाळासो तिथंच पायरीवर टेकले.

एवढ्यात घरातून अनुजाची हाक आली. "अवो, माझा काटा बघितलासा का? सुटी चटणी कशावर मोजू तिथं?"

विजयसिंह आत धावला, पण ती आधीच देवघराच्या दारात पोचली होती. तिनं पाटावरचा बोल्ट बघितला, मग नवऱ्याची लाल काख बघितली, मग खिडकीतून विटांवरची गाडी बघितली. हुशार बाई. विचारायचं काही उरलंच नाही.

"ऑइल काढलासा?" एवढंच ती म्हणाली.

"व्हय."

"आज?"

"व्हय." विजयसिंहाला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण ती भिंतीला टेकून खाली बसली आणि हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे मग. पुढच्या वर्षी बघू." ते ऐकून विजयसिंहाला स्वतःचीच चीड आली. कुठला व्हिडिओ आणि कुठलं रक्त! हिची वर्षाची मेहनत आपण घमेल्यात सोडली.

तेवढ्यात अनुजाचं लक्ष पाटाच्या वरच्या अंगाला गेलं. तिथं, गणपतरावांच्या पान्याला खेटून, तिचा चटणी मोजायचा छोटा काटा होता. बोल्टाला एक फूल, तर काट्याला दोन. कुंकवाचं बोटही ठसठशीत.

"आत्ती," ती म्हणाली, "माझा काटा बी पूजेला बसवलासा?"

"मग? हत्यार न्हाई व्हय त्ये?" अंबूबाई तिच्याकडं न बघता वाती वळत म्हणाली. "ह्यांचा पाना, तसा तुजा काटा. ज्याच्यावर घर चालतंय त्ये पूजाय नगो?"

अनुजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. अंबूबाई कावरीबावरी झाली. "आता गं काय झालं? रडतीस कशाला सणासुदीची?"

"त्यो काटा न्ह्यायचा हुता जयसिंगपूरला," विजयसिंह पुटपुटला. "आता काय, दोन्ही बी हितंच. टेबल दुसरीला देतील."

अंबूबाईनं वाती खाली ठेवल्या. एकदा पाटाकडं, एकदा सुनेकडं बघितलं. मग पदर खोचला. "देवालाच इचारू," म्हणाली आणि तिनं कौल लावला. पान्यावर दोन झेंडू ठेवले, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवं पडलं तर देवाचा होकार, डावं पडलं तर नकार. सगळे श्वास धरून बसले. बाळासोसुद्धा चपला काढून आत आले.

डावं पडलं.

"फॅन कुणी लावला ह्यो?" अंबूबाई कडाडली. "वाऱ्यानं पडलं त्ये. बंद कर आदी!"

फॅन बंद झाला. फूल पुन्हा ठेवलं. आता एकही पडेना. घड्याळ पुढं सरकत होतं, घाम निथळत होता, देव काही बोलेना. अंबूबाईनं उदबत्ती लावायला हात पुढं केला, तिची बांगडी पान्याला लागली आणि उजवं फूल टपकन खाली आलं.

"दिला बग कौल!"

"आवो वैनी, तुमचा हात..." बाळासोंनी तोंड उघडलं.

"तुमी गप बसा की, भावजी! देवाला बी कुणाचा तरी हात लागतोयच." तिनं नमस्कार केला, पाना आणि बोल्ट उचलून लेकाच्या हातात दिला. काटा मात्र स्वतःच्या हातानं सुनेच्या ओटीत ठेवला. "चला, आटपा. माज्या जबाबदारीवर उठवलीत हत्यारं. मी बी येतो संगट."

विजयसिंहानं बोल्ट कुंकवासकट आवळला, नवं ऑइल ओतलं, विटा काढल्या, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग देवाचं नाव घेऊन चावी फिरवली. गाडी सुरू झाली तशी बाळासोंनी टाळ्या वाजवल्या आणि घमेल्यातलं काळं ऑइल फाटकाच्या बिजागरीला म्हणून मागून घेतलं.

चारच्या जरा आधी ते जयसिंगपूरला पोचले. आयोजक बाई यादीवर पेन टेकवून उभ्याच होत्या. टेबल मिळालं, बरण्या लागल्या. विजयसिंह दर दहा मिनिटांनी बाहेर जाऊन गाडीखाली वाकून बघत होता. एक थेंब गळत नव्हता.

तिसऱ्यांदा वाकून आत आला तेव्हा एक बाई बरणी हातात घेऊन घासाघीस करत होती. "घरातलंच तर हाय. रिकामपणाचा उद्योग. कमी करा की."

अनुजा कमी करायला तोंड उघडणार, तोवर मागच्या खुर्चीवरून अंबूबाई उठली. तिनं कुंकू लागलेला काटा त्या बाईपुढं सरकवला.

"उद्योग म्हणा, बाई, पण रिकामपणाचा म्हणू नगा. माज्या सुनंच्या हातचं हाय. नाक सोलवटंपत्तुर राबलीया ती. खेळ न्हाई ह्यो."

बाईनं मुकाट दोन बरण्या घेतल्या. अनुजा काट्यावरचं कुंकू बोटानं सारखं करत राहिली, आणि विजयसिंह पुन्हा गाडीखाली बघायला जायचं विसरला.