लांबड्या कोबीची कढई

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. वेल्ह्याच्या वाटेवर, विंझर गावाच्या पुढे, डोंगराच्या अंगाला एक लहानशी वाडी आहे. तिथं सर्जेराव आणि फुलाबाई यांच्या घरी माझं सगळं आयुष्य गेलं. माझा एक कान किंचित वाकडा आहे आणि बूड काळंकुट्ट आहे. काळी म्हणून मला नावं ठेवू नका. हा काळेपणा चाळीस वर्षांच्या तेलाचा आणि जाळाचा आहे, तो काही एका दिवसात येत नाही.

माझा जन्म ओढ्याकाठी, घिसाड्यांच्या पालावर झाला. घिसाडी सांडशीने तापलेला पत्रा धरायचा आणि त्याची बायको घण घालायची. तिच्या हातात असा जोर होता की तो आठवला की अजून माझ्या अंगावर शहारा येतो. त्याच संध्याकाळी फुलाबाई सासूबरोबर तिथं आल्या. तेव्हा त्या नव्या नवरी होत्या, डोक्यावरचा पदर सारखा सावरत होत्या. त्यांनी मला बोटाच्या पेराने टकटक वाजवून पाहिलं आणि सासूला हळूच म्हणाल्या, "हीच घिऊया." मला ते ऐकून फार बरं वाटलं.

त्यानंतर मी काय नाही रांधलं? पिठलं, झुणका, वालाची भाजी, पावसाळ्यात रानातला टाकळा आणि कुर्डू. इंद्रायणीचा भात चुलीच्या बाजूच्या वैलावर रटरटत असायचा आणि मी मोठ्या जाळावर. सर्जेराव जेवायला बसले की हमखास बायकोची खोडी काढायचे. "भाजी कढईनं केली. तू निस्ती हलवली," असं म्हणायचे. फुलाबाई फणकारायच्या, "मग आता कढईलाच वाढाया सांगा." असं रोज चालायचं. दोघांनाही त्यात गोडी होती हे मला ठाऊक होतं.

पुढे घरात गॅस आला. मुलाचं, इंद्रजितचं लग्न झालं, आणि सूनबाई अश्विनी आपल्याबरोबर काळ्या मुलाम्याची एक हलकी कढई घेऊन आली. त्या कढईला लाकडीच उलथनं लागतं, जोराचा जाळ सोसत नाही, घासणी लागली की ओरखडे पडतात. मी तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही. नाजूक आहे बिचारी. पण रोजचा स्वयंपाक तिच्यात होऊ लागला आणि मी परसातल्या चुलीपाशी गेले. फुलाबाईंना वाटेल तेव्हाच मला काम मिळायचं.

आता मी मूळ गोष्टीकडे येते. गेल्या वर्षी भात काढून झाल्यावर सर्जेरावांनी विहिरीजवळच्या वाफ्यांत कोबी लावायचा ठरवला. रोपवाटिकेतून ते रोपांचा ट्रे घेऊन आले. रोपं लावली, पाणी दिलं. महिना झाला तरी कोबी काही गोल होईना. पानं सरळ वर निघाली, लांब, फिकट हिरवी, मधला दांडा पांढराशुभ्र. तो चायनीज कोबी होता. सर्जेरावांनी चुकीचा ट्रे उचलला होता.

वाडीतले लोक येता-जाता थट्टा करू लागले. कोंडिबा तर रोज बांधावर थांबून विचारायचा, "सर्जेराव, तुमचा कोबी उभा का ऱ्हायलाय? बसंना का खाली?" सर्जेराव मिशीतल्या मिशीत हसायचे आणि ठासून सांगायचे, "मुद्दाम आनलाय म्या. नवीन वान हाय." ते काही मुद्दाम आणलेलं नव्हतं, हे फुलाबाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण एकदा बोललेला शब्द मागे घेतील तर ते सर्जेराव कसले?

जानेवारीत पहिला गड्डा निघाला. सर्जेरावांनी तो स्वतः धुऊन परसात आणून ठेवला आणि म्हणाले, "कढईतच कर. चुलीवर."

फुलाबाईंनी तो साध्या कोबीसारखा चिरला. फोडणीत हळद आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ घातली, चिरलेला कोबी टाकला, लगेच मीठ घातलं, तांब्याभर पाणी ओतलं आणि माझ्यावर झाकण ठेवलं. चाळीस वर्षं त्या कोबी असाच करत आल्या होत्या. पण मित्रांनो, ह्या कोबीच्या अंगातच पाणी फार. मीठ लागताच त्याने पाणी सोडलं, त्यात वरचं पाणी मिळालं, आणि झाकणाखाली सगळ्याचा लगदा झाला. मला ते कळत होतं. मला बोलता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

सर्जेराव त्या पाणचट भाजीबरोबर दोन भाकरी खाऊन उठले. एका शब्दाने नावं ठेवली नाहीत. हात धुताना एवढंच म्हणाले, "तूबी खाऊन बघ गं."

"मला नगं. निस्तं पानी हाय," फुलाबाई म्हणाल्या. आणि माझ्यात उरलेली भाजी त्यांनी उचलून म्हशीच्या पाटीत ओतली. "म्हस खाती बघा तुमचा नवीन वान."

नेहमीचीच थट्टा होती ती. पण त्या दिवशी सर्जेरावांनी म्हशीच्या पाटीकडे एकदा पाहिलं. टॉवेलला हात पुसत बाहेर गेले.

तीन दिवसांनी ते सकाळच्या एसटीने वेल्ह्याला गेले. कशाला विचारलं तर म्हणाले, "तहसिलात काम हाय." दुपारी परत आले, जेवले, संध्याकाळी कोबीला पाणी देऊन आले. दुसऱ्या दिवशी पहाटे म्हशीला वैरण टाकताना त्यांच्या छातीत कळ आली. इंद्रजितने गाडी बोलावली, पण गाडी वाडीच्या चढावर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की तेरा दिवस फोडणी देत नाहीत. कढई चुलीवर चढत नाही. शेजारच्या बायका भाकरतुकडा घेऊन येतात, त्यावर घर दिवस काढतं. मला कुणीतरी घाईघाईत धुतलं आणि ओलीच गोठ्यातल्या खुंटीला अडकवून ठेवलं. मी रुसले नाही. अशा वेळी कढईकडे कोण बघणार?

तेराव्याचं गोडाचं जेवण झालं. घरात पुन्हा गॅस पेटला, फोडणीचा वास येऊ लागला. पण फुलाबाई फोडणीचं काही खाईनात. भाकरी आणि मीठ, नाहीतर दूधभात, तोही चार घास. अश्विनीने परोपरीने सांगितलं. पाहुण्यारावळ्यांनी समजावलं. फुलाबाईंचं एकच उत्तर, "घशाखाली उतरत न्हाई." अंगातली चोळी दंडावर ढगळ होऊ लागली.

का उतरत नाही, ते त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पण धार काढायला त्या गोठ्यात यायच्या तेव्हा म्हशीशी बोलायच्या, आणि मी वर टांगलेली असायचे. "शेवटचं मागितलं त्यांनी, येक घास खा म्हनून," त्या म्हणायच्या. "तुला घातलं म्या. त्यांच्यादेखत तुला घातलं." म्हैस रवंथ करत राहायची. फुलाबाईंचे अश्रू चरवीच्या काठावर पडायचे. माझ्या अंगावर तोवर गंज चढू लागला होता. लालसर, खरबरीत. मला माझीच किळस वाटायची, पण त्यांचं ते बोलणं ऐकलं की स्वतःचं दुःख सांगायची लाज वाटायची.

इकडे वाफ्यांतला कोबी तसाच उभा होता. त्याला हात लावायला कुणी धजत नव्हतं. महिना होत आला आणि गड्ड्यांच्या पोटातून फुलांचे दांडे डोकावू लागले. एका संध्याकाळी इंद्रजित गोठ्यात येऊन आईला म्हणाला, "आये, कोबी वाया चाललाय. परवा रान मोकळं करतो. शेरडं सोडतो त्यात."

फुलाबाई वर न बघता म्हणाल्या, "सोड."

अश्विनीला ते बघवलं नाही. सासऱ्याच्या हातची शेवटची लागवड शेरडांनी खावी, हे तिच्या मनाला पटेना. दुसऱ्या दिवशी तिने त्यातले बरे चार गड्डे पिशवीत भरले आणि ती वेल्ह्याला गेली. तिथं स्टँडजवळ अमृत नावाच्या माणसाची चायनीजची गाडी आहे. तोरण्यावर चढणारी पोरं सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे गर्दी करतात. निदान तो तरी वापरेल, असा तिचा विचार.

ती परत आली तेव्हा फुलाबाई धार काढून उठत होत्या. अश्विनी धापा टाकत गोठ्याच्या दारातच उभी राहिली.

"आत्या, मामा त्या दिवशी तहसिलात न्हवते गेले."

फुलाबाईंनी चरवी खाली ठेवली.

"त्या चायनीजच्या गाडीवर गेलते. त्यो अमृत म्हनला, 'वहिनी, सर्जेराव नाना आलते की हितं, ह्योच कोबी घिऊन. कसा करायचा ते शिकवा म्हनले.' तासभर त्याच्या बाजूला उभं ऱ्हाऊन बघत हुते म्हनं."

"शिकून काय करनार हुते?" फुलाबाईंनी विचारलं.

"त्यानं बी त्येच इचारलं. तर म्हनले, 'घरच्या मानसाला चव न्हाई लागली. तिची चूक न्हाई, मलाच सांगता आलं न्हाई. आता मीच करून घालनार तिला.'" अश्विनीने डोळे पुसले. "आन हसून असंबी म्हनले, की ट्रे चुकून आलाय, पर घरी बोलू नका."

फुलाबाई खाली, शेणामातीच्या जमिनीवरच बसल्या.  मग रडता रडता त्यांच्या ओठावर हसू आलं. त्या म्हणाल्या, "मला म्हाईत हुतं गं. पयल्या दिशीच म्हाईत हुतं."

मग त्यांनी वर पाहिलं. मला खुंटीवरून काढलं, उजेडात धरलं आणि बोटाने गंज चाचपला. "काय हाल केलं म्या हिचं," असं पुटपुटल्या. त्यांनी मला चुलीतल्या राखेने आणि ओढ्याच्या वाळूने घासलं, नारळाच्या शेंडीने घासलं, तळहात लाल होईपर्यंत घासलं. मग चुलीवर ठेवून कोरडी केली आणि तेलाचा हात फिरवला. मित्रांनो, महिनाभराने माझ्या अंगाला जाळ लागला. त्याचं सुख मला शब्दांत सांगता येणार नाही.

"आता सांग," त्या सुनेला म्हणाल्या. "कसं शिकवलं त्यानं?"

अश्विनी अमृतकडून सगळं विचारून आली होती. ती एकेक सांगत गेली आणि फुलाबाई तसं करत गेल्या. जाळ मोठा हवा. तेल चांगलं तापू द्यायचं. मोहरी, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची. कोबीचा पांढरा, जाड भाग वेगळा चिरायचा आणि तो आधी टाकायचा. पानांचा हिरवा भाग मागून. पाण्याचा थेंब घालायचा नाही, झाकण ठेवायचं नाही, सारखं हलवत राहायचं. मीठ अगदी शेवटी, आणि मीठ पडलं की लगेच खाली उतरवायचं. त्या घरात महिन्याभराने फुलाबाईंच्या हातची फोडणी तडतडली. कोबी चुरचुरला, कडेने जरासा करपला, पण मोडला नाही. ह्या कामासाठी जोराचा जाळ सोसणारं लोखंडच लागतं. हे मी गर्वाने नाही सांगत. थोडंसं गर्वाने सांगते.

अश्विनी ताट आणायला उठली, तर फुलाबाईंनी तिला थांबवलं. भाकरीचा तुकडा मोडला आणि त्या थेट माझ्यातच जेवू लागल्या. आमच्याकडे मुलींना सांगतात की कढईत जेवलं तर लग्नात पाऊस पडतो.

"आत्या, कढईत खाताय व्हय?" अश्विनी हळूच म्हणाली.

"माझं लगीन झालं, संसार झाला, समदं झालं," फुलाबाई म्हणाल्या. "आता पडला पाऊस तर पडू दे."

त्या सावकाश जेवल्या. दोन भाकरी खाल्ल्या. रानात शेरडं सोडलीच नाहीत. पुढचे पंधरा दिवस तो कोबी आमच्या घरी रोज शिजला, कधी मुगाच्या डाळीत, कधी थालीपिठात, कधी नुसता लसणाच्या फोडणीवर. कोंडिबालाही एक गड्डा पोहोचला, आणि तो कसा करायचा हे फुलाबाईंनी त्याच्या बायकोला दोनदा बजावून सांगितलं.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. लोखंडाचं भांडं ओलं टांगू नका. पुसा, तेलाचा हात फिरवा, ते तुमच्या नातवंडांनाही जेवू घालील. माझ्या अंगावर गंज चढला तरी तो घासून काढता येतो. पण घरातल्या कुणी हौसेनं काही पिकवलं किंवा रांधलं, तर त्यातला एक घास त्या माणसाच्या समोर बसून खा. आवडला नाही तर तसंही सांगा. पहिला घास खाल्ल्यावर फुलाबाई "ब्येस झालीया" असं म्हणाल्या खऱ्या, पण ज्यांना ते सांगायचं होतं ते घरात नव्हते.