डेलियाचे कंद फुकट

आमच्या शिरसीकडच्या फुलझाडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात एकशे चाळीस बायका आहेत. त्यातल्या एकशे एकोणचाळीस दुसरीचं ऐकत नाहीत आणि एकीचा फोन दुरुस्तीला टाकलाय. अशा ग्रुपात रोहिणी टीचरनी ‘मनातलं बोला’ सुरू केलं. कुणाला जड वाटलं तर तिनं पाच जणींपैकी एकीला लिहायचं, आणि आम्ही ऐकायचं. पाचांत मी. शिक्षण काय दिलं म्हणाल, तर टीचरनी विचारलं, “विशालाक्षी, तुझ्याकडे नेट चांगलं येतं ना?” झालं शिक्षण. आमचे हे सुपारी सोलता सोलता इतके हसले की ठसका लागला. “तू ऐकणार? अगं, चौतीस वर्षांत माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस!”

पहिलं गिऱ्हाईक मलाच मिळालं, नागवेणी. घाटाच्या तोंडाशी एकटी राहते. नवरा गेला, मुलगा बंगळूरला. तिचे डेलिया ताटाएवढे फुलतात, पण कंद मागा, “पुढच्या वर्षी देते” म्हणणार. नऊ वर्षं हेच. तिनं मला लिहिलं, “अक्का, सकाळी उठावंसंच वाटत नाही. मी नसले तर कुणाचं काय अडणार आहे?”

मी मिनिटभरात चार उत्तरं ठोकली. असं वेड्यासारखं बोलू नये. ब्राह्मी ताकात वाटून केलेली तंबळी खा. माझी कंबर धरली होती तेव्हा मी कशी हिमतीनं उठले, तेही सविस्तर. वर उगवत्या सूर्याचं चित्र. ती म्हणाली, “बरं अक्का.” मी टीचरना कळवलं, एक केस सुटली. टीचरनी टाळ्या पाठवल्या.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी दुपारी जेवणं उरकतायत तोच ग्रुपवर नागवेणी. “माझे सगळे कंद, ऑर्किड, कुंड्या देऊन टाकायच्या आहेत. जिला हवं तिनं आजच घेऊन जा. पैसे नकोत. सगळ्यांनी इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, उपकार झाले.”

काय झुंबड उडाली म्हणता! “पांढरा माझा.” “ए, जांभळ्याचं मी आधी बोललेय!” टीचर म्हणाल्या, नागवेणीचं मन किती मोठं, आणि नंबर लावायला बसल्या. तिच्यापासून दोन मैलांवर राहणारी भागीरथी म्हणाली, “मी जीप काढलीच.” खोटं कशाला बोलू, तिसरा नंबर माझा होता.

आमच्या ह्यांनी पानाला चुना लावत विचारलं, “फुकट? ती? का गं?”

एवढा साधा प्रश्न एकशे चाळीस बायकांत एकीलाही सुचला नव्हता. मला तिचा तो जुना मेसेज आठवला.

तिसऱ्यांदा लावल्यावर तिनं फोन उचलला. “तुला कुठला हवाय, अक्का?”

“डेलिया गेले चुलीत. नागवेणी, जीव द्यायचं आहे का मनात तुझ्या?”

ह्यांनी डोळे वटारले. असं विचारलं की नसलेलं डोक्यात भरतं म्हणे! पलीकडून ती म्हणाली, “हो.” आणि रडायलाच लागली.

ब्राह्मी ओठांपर्यंत आली होती, गिळली. “कधीपासून?” एवढंच विचारलं आणि जन्मात पहिल्यांदा गप्प बसले. ती बोलत राहिली, मी नुसतं हं हं. मग विचारलं, जवळ काही आणून ठेवलंयस का? आतल्या खोलीत आहे म्हणाली. “तिथून उठ, बाहेर ओसरीवर ये. फोन ठेवू नकोस, मी आहे.” मी भयंकर घाबरले होते.

ह्यांच्या फोनवरून भागीरथीला गाठलं. बाई पोती घेऊन अर्ध्या वाटेत. “कंदांना हात लावू नकोस. आतल्या खोलीला कुलूप घाल, किल्ली तुझ्याकडे ठेव, तिच्याजवळ बस. उपदेश करायचा नाही, एकटी सोडायची नाही.” भागीरथी हावरट खरी, पण जीप पळवते. दहा मिनिटांत ओसरीवर होती. मी तिच्या मुलाला कळवलं. संध्याकाळी नागवेणी शिरसीत डॉक्टरांपुढे, आणि भागीरथी तिचा हात धरून शेजारी.

ग्रुपवर तोवर बावन्न नंबर लागले होते. मी लिहिलं, वाटप रद्द. एक जण फणकारली, “मग आधी सांगायचं! आम्ही खड्डे खणून बसलोय.”

दहा दिवसांनी तिच्याकडे गेले. मुलगा आलेला, औषध सुरू. तिनं धने-जिऱ्याचं गरम कषाय प्यायला दिलं. मी बसले माझं कौतुक सांगत, बरं झालं बाई मला वेळेवर सुचलं, नाहीतर काय झालं असतं.

“अक्का,” ती म्हणाली, “त्या दिवशी विचारलंस म्हणून सांगितलं. आधी लिहिलं होतं तेव्हा विचारलं असतंस, तर तेव्हाच सांगितलं असतं.”

मला कुठं तोंड लपवू असं झालं. “चुकले गं,” म्हटलं. मग विचारलं, “आज कसं आहे?”

“आज वाईट आहे.”

मी परतीची साडेचारची बस जाऊ दिली.